शेवंतीशेजारची वही

नववा महिना, १९

तारखा मी चंद्राच्या लिहिणार. दिएप म्हणाली होती, आजी, मोबाइलवरच्या तारखा लिही. पण मोबाइलला चंद्र दिसत नाही आणि मला मोबाइल दिसत नाही, तेव्हा फिट्टंफाट.

ही वही नातीने मला शेवंतीसाठी दिली आहे. रोज एक ओळ लिहायची. पाणी किती दिलं, फवारणी झाली का, पानावर रोग दिसला का. एकच ओळ. मी शाळेत दोन वर्षं गेले, तिसऱ्या वर्षी शाळाच उरली नाही, त्यामुळे एका ओळीत थांबायचं कसं ते मला कोणी शिकवलं नाही. बघू.

पाणी: अर्धा तास. फवारणी: नाही. रोग: नाही. झाली ओळ. अजून पान रिकामं आहे, ते वाया कशाला घालवायचं?

तर दालातच्या या उतारावर आता दर दोन घरांमागे एक कॉफीचं दुकान झालं आहे. सायगॉनची माणसं येतात, धुक्याचे फोटो काढतात, कॉफी अर्धी टाकून जातात. माझा मुलगा तोआन म्हणतो, आई, धुकं फुकट असतं, त्याला खत लागत नाही. त्यालाही आमचं पॉलीहाऊस पाडून टेबलं मांडायची आहेत. त्याचे गुडघे गेले, सुनेला जाऊन नऊ वर्षं झाली, एकट्याने फुलं काढून तो थकला. मी त्याला दोष देत नाही. पण दिएप सायगॉनला कपड्यांच्या दुकानात तीन वर्षं उभी राहून परत आली ती माती उकरायलाच. बापाला म्हणाली, मला एक हंगाम द्या. तो म्हणाला, नव्या वर्षाला, तेतला, इथून पूर्ण भरलेली गाडी सायगॉनला गेली तर पॉलीहाऊस तुझं. नाही गेली तर प्लास्टिक उतरवतो. मग तू परत जा, नाहीतर इथे कॉफी वाढ.

पोरगी हो म्हणाली. मीही मधेच हो म्हणाले, मला कोणी विचारलं नव्हतं.

दहावा महिना, १२

पाणी अर्धा तास. पिवळी शेवंती माझ्या कमरेला लागते, म्हणजे माझी कंबर आता जिथे आहे तिथे.

आज रात्रीचे दिवे बंद झाले. शेवंतीचा स्वभाव असा की रात्र मोठी झाली असं तिला वाटलं की ती फुलायला घेते. म्हणून आधी महिनाभर तारेवर साठ बल्ब लावून तिला रात्री जागवायचं, अजून दिवस मोठा आहे बाई, वाढ, उंच हो. पुरेशी उंच झाली की एके दिवशी दिवे बंद. मग ती दचकते आणि कळ्या धरते. माझंही असंच झालं. घरातले सोळा वर्षं म्हणत होते, अजून लहान आहे, आणि एका मंगळवारी एकदम मोठी झाली म्हणाले.

बटण दिएपने मला दाबू दिलं. सगळा उतार काळा झाला. ती म्हणाली, "आता दोन महिने ह्यांना पक्का काळोख हवा, आजी. काजवासुद्धा आत यायला नको."

मी म्हटलं, काजव्याला मी सांगते.

दहावा महिना, १५

घरात लिहिणं अशक्य आहे. जेवण झालं की तोआन माइक काढतो आणि टीव्हीसमोर गातो. त्याचा आवाज चांगला आहे असं त्याला लग्नाआधी कोणीतरी सांगितलं होतं, ती बाई आता हयात नाही. दिएप रात्री साडेदहापर्यंत पॅकिंगच्या शेडमध्ये दुसऱ्यांची फुलं कागदात गुंडाळते आणि आली की सरळ आडवी होते, म्हणजे ऐकायला मी एकटीच.

म्हणून आज मी वही, पानाचा डबा आणि स्टूल घेऊन पॉलीहाऊसमध्ये आले. मधल्या दोन बेडच्या, म्हणजे वाफ्यांच्या, वाटेत, पाण्याच्या टाकीशेजारी उबदार आहे. पंपाच्या पिनेतून वायर ओढून एक बल्ब टांगला. एकाने अक्षर दिसेना, मग दोन टांगले. काय छान वाटतंय! चारी बाजूंनी शेवंती उभी, जशी काही मी काय लिहिते ते वाचायला आली आहे. दिएपला सांगितलं नाही. म्हणेल, आजी, थंडीत बसू नकोस.

पाणी अर्धा तास. नाही, ते कालचं.

दहावा महिना, २४

रोज इथेच बसते, उठताना दिवे आणि स्टूल टाकीमागे ठेवते, दिवसा कोणाच्या वाटेत नकोत. काल तर वहीवर डोकं ठेवून झोपलेच, गार पडले तेव्हा जाग आली. गालावर शाई.

पलीकडच्या साउ म्हाताऱ्याचं सांगायचं राहिलं. साउ म्हणजे सहावा, त्याच्या आईला आठ झाले. तो पूर्वी शेवंतीच काढायचा, या डोंगरावर त्याच्याइतकी सरळ दांडी कोणाची नसे. बायको गेल्यावर त्याने कॉफीचं दुकान टाकलं आणि माळा माळा दिवे लावले. आमच्या तोआनला भरीस घालणारा तोच, असा मला संशय आहे. आज कुंपणाशी भेटला. मी डोळे चोळत होते, त्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, रोज लिहिते, अक्षर फुटतं. तर दुपारी हा माणूस बाजारात जाऊन पांढरा, मोठा, दुप्पट उजेडाचा बल्ब घेऊन आला. म्हणे, डोळे जपा, लायबाई.

घेतला. फुकटचं कोण सोडतं? पण याला आमच्याकडून काहीतरी हवं आहे हे नक्की. बहुधा टाकीकडची जमीन.

बल्ब फार सुरेख आहे. आता भिंतीपाशीच्या बेडवरची अळीसुद्धा इथून दिसते.

अकरावा महिना, १०

कळ्या! दिएपने मला ओढतच नेलं. दाराकडच्या बेडवर मुगाच्या दाण्याएवढ्या, हिरव्या, घट्ट. तिने मधली कळी कशी खुडायची ते मला दाखवलं, म्हणजे बाजूच्या सगळ्या एकदम फुलतात. मला माहीत आहे, पण मी बघून घेतलं, तिला शिकवायला आवडतं. सायगॉनच्या बाजारातल्या मुय बाईचा फोन आला, बाविसाव्या तारखेआधी भरलेली गाडी पाठवा, अर्धी गाडी मी उतरवून घेत नसते. भारी तोंडाची बाई. मला आवडली.

अकरावा महिना, १२

काहीतरी बिघडलं आहे.

दाराकडे कळ्या, मागच्या भिंतीकडे कळ्या, आणि मधे काहीच नाही. नुसती पानं. दांड्या आपल्या वाढतच आहेत, इतर रोपांपेक्षा वीतभर उंच, हिरव्यागार. दिएपने चालत चालत त्याची कड काढली तर चांगलं मोठं गोल निघालं, पॉलीहाऊसचा तिसरा हिस्सा म्हणा. ती गोलाच्या मधोमध, माझं स्टूल असतं तिथे, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, कुठून तरी उजेड येतोय.

मी म्हटलं, कोणाचा ते मला बरोबर माहीत आहे.

अकरावा महिना, १३

आज मी भांडून आले. फार मजा आली, खरं सांगते. वर्षभरात इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

साउच्या दुकानात चार पर्यटक बसले होते. त्यांच्यासमोरच मी त्याला विचारलं की तुझे हे माळांचे दिवे लोकांच्या लेकीबाळींचं नशीब जाळायला लावलेत का? ज्या शेवंतीने तुला मोठं केलं तिच्याच डोळ्यांत उजेड मारतोस? एक पर्यटक माझा फोटो काढायला लागला, तेव्हा मी जरा ताठ उभी राहिले.

साउने कप खाली ठेवला. आमच्या पॉलीहाऊसकडे बघितलं, आपल्या दिव्यांकडे बघितलं, मधलं अंतर बघितलं. मग उठून बटण बंद केलं. म्हणाला तेतपर्यंत लावणार नाही. हंगामाच्या तोंडावर! पर्यटकांनी मोबाइलच्या उजेडात कॉफी संपवली.

चोराच्या मनात चांदणं. नाहीतर इतक्या लवकर कोण कबूल करतं? आज रात्री मी विजयाने दोन पानं जास्त लिहिली.

अकरावा महिना, १६

ही ओळ स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. का, ते आता सांगते.

साउ आज सकाळी म्हणाला, लायबाई, एकदा गोल बघू द्या. दिएप शेडवर, तोआन बाजारात. मी त्याला आत नेलं. तो दारातच थांबला. वर तारेवर साठ बल्ब, आणि त्यांच्याखाली, डोक्याच्या उंचीवर, माझे तीन, काल झोपेच्या भरात उतरवायचे राहिलेले. त्यातला एक पांढरा, मोठा. त्याच्या खाली स्टूल, स्टुलावर पानाचा डबा. त्याने डबा उचलून पाहिला, परत ठेवला.

म्हणाला, "लायबाई, तुम्ही वही कुठे बसून लिहिता?"

मी म्हटलं, इथेच, रोज, दहापर्यंत. मोठ्या ऐटीत म्हटलं. आणि ते म्हणता म्हणता माझा हात वर गेला, दिवा कुठला ते दाखवायला, आणि तो वरच राहिला.

आता मी स्वतःला काय म्हणावं? पन्नास वर्षं फुलांत गेली. शेवंतीला उजेड चालत नाही हे मला माहीत नव्हतं का? काजव्याला सांगणार होते मी! पण दिवा म्हणजे तो तारेवरचा, बटणाचा. माझा तो दिवाच वाटला नाही मला. तो चष्म्याचा भाग होता. गावभर चोर शोधला आणि चोर महिनाभर स्टुलावर बसून पान खात होता, वर वहीत सगळं लिहून ठेवत होता.

साउ हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्याने स्वतः स्टुलावर चढून तिन्ही बल्ब काढले. म्हणाला, "माझ्या दिव्यांमुळे झालं, असंच राहू दे." आणि गेला.

अकरावा महिना, १७

पाणी अर्धा तास. रोग: मी.

अकरावा महिना, २८

दिएपने साउला जाऊन विचारलं. त्याने तिलाही तेच सांगितलं, माझे दिवे, माझी चूक. पोरगी घरी येऊन म्हणाली, साउआजोबा नुसते चांगुलपणाने बोलतात. त्यांच्या दुकानाकडची बाजू तर कळ्यांनी भरली आहे आणि मधला भाग रिकामा, उजेड काय उडी मारून मधेच पडतो? फार हुशार आहे ती. इतकी हुशारी आमच्या घरात कुठून आली कोण जाणे, माझ्याकडून तर नाही.

मग म्हणाली, चूक माझीच आहे. मधल्या बेडची रोपं मी स्वस्तात दुसऱ्याकडून घेतली, खतही तिथेच जास्त पडलं असेल. रोपवाल्याला फोन करून भांडली, तो बिचारा शपथा घेत होता. रात्री ती हात धूत होती, धूतच होती. बाबा म्हणतात तेच खरं, म्हणाली, माझ्या हातालाच फुलं येत नाहीत.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. मग म्हटलं, सूप गार होतंय, जेवून घे.

साउने अजून दिवे लावलेले नाहीत. रात्री त्याच्याकडे कोणी येत नाही. हा माणूस एवढं कशाला सोसतोय ते मला कळत नाही. जमीन तर टाकीकडची वीतभर. दिएपला विचारलं, तर ती म्हणाली, आजी, तू खरंच इतकी भोळी आहेस का? मी म्हटलं, भोळी कुठली, मी त्याला पुरती ओळखून आहे.

बारावा महिना, ९

गोलात पहिली कळी. ज्वारीच्या दाण्याएवढी. बाकीचं पॉलीहाऊस पिवळं व्हायला लागलं आहे आणि ही आत्ता डोळे उघडतेय. तेतला काही ही पोचत नाही. मी तिच्याशी कोणी ऐकत नाहीसं बघून बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

बारावा महिना, २१

पहाटे चारपासून कापणी. तिघंही. तोआनसुद्धा गुडघ्याला पट्टा बांधून आला, आणि त्याच्याइतकं झरझर कापायला कोणाला येत नाही. दांडी कापायची, खालची पानं ओढायची, जुडी बांधायची, कागद. तो गात होता, हळू, आणि सकाळच्या थंडीत ते इतकं वाईट वाटत नव्हतं. एकदा त्याने जुडी नाकाशी नेली आणि कोणी बघत नाही ना ते पाहिलं. मी बघत होते.

खोकी भरली, गाडीत चढवली. आणि मागचा भाग रिकामा राहिला. मी मनातल्या मनात खोकी जरा विरळ लावत होते, पण गाडीला फसवता येत नाही. ड्रायव्हरने मागच्या जागेत आपली सायकल टाकली.

मुय बाई फोनवर इतकी बोलली की दिएपने फोन कानापासून लांब धरला, आणि ते आम्हां सगळ्यांना ऐकू आलं. शेवटी म्हणाली, आलीच आहे तर उतरवते, पण पुढच्या वर्षी मला विचारू नका.

तोआन उठला. मोजायची पट्टी घेऊन पॉलीहाऊसमध्ये गेला.

बारावा महिना, २२

दिएप बॅग भरतेय. तेत झाल्यावर जाणार. कपड्यांच्या दुकानातल्या बाईने तिची जागा ठेवली आहे म्हणे. मी तिला आल्याचा मुरंबा बांधून दिला. निरोपाचा मुरंबा देणारी मीच. लाज म्हणून काही असते, ती कुठे मिळते?

उद्या तेवीस. चुलीचा देव वर जायचा दिवस.

बारावा महिना, २३

सकाळी मी चुलीच्या देवापुढे तीन मासे परातीत सोडले, जिवंत, शेपट्या मारत होते. ह्या माशांवर बसून तो दुपारी वर जातो आणि घरात वर्षभर कोणी काय केलं ते स्वर्गाच्या राजाला सांगतो. त्याच्यापुढे गोड ठेवायचं, म्हणजे तो गोड बोलेल. मी गोड भात दुप्पट केला होता. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की ह्याला सगळं माहीत आहे. महिनाभर मी त्याच्यासमोर बसूनच लिहीत होते ना. आता हा वर जाऊन राजाला सांगणार, आणि खाली ज्या पोरीचं नुकसान झालं तिला कोणीच सांगणार नाही. देवाला कळतं आणि नातीला कळत नाही, हे कसलं घर?

दुपार व्हायच्या आत करायला हवं होतं. मी परात तशीच हातात घेऊन बाहेर आले, मासे पाणी उडवत होते. दिएप अंगणात कपडे वाळत घालत होती. तोआन पायरीवर पट्टी गुंडाळत बसला होता.

"दिएप," मी म्हटलं, "ते गोल माझं आहे."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं, टाकीपाशी बसायचे, एक दिवा, मग दोन, मग साउने दिलेला तिसरा, दहापर्यंत, कधी झोप लागली तर बारापर्यंत. साउला उगाच शिव्या घातल्या. रोपवाल्याचा काही दोष नाही. सांगताना माशांचं पाणी माझ्या पायांवर सांडत होतं.

तोआन उठून उभा राहिला. "आई, तू अख्खी गाडी बुडवलीस," तो म्हणाला. रागाने नाही. जसं कोणी म्हणतं, आई, तू मीठ विसरलीस.

दिएपने ओला शर्ट खांद्यावर टाकला. मला वाटलं, आता ती आत जाईल आणि माझ्याशी बोलणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. पण तिने विचारलं, "म्हणजे रोपं चांगली होती?"

"रोपं चांगली, खत चांगलं, तुझे हात चांगले. मीच तेवढी वाकडी."

"दिवे काढले कधी?"

"अकराव्याची सोळा. साउने काढले."

ती बोटांवर मोजायला लागली. एकदा मोजलं, परत मोजलं. मग मटकन पायरीवर बसली आणि इतकी हसली की शर्ट मातीत पडला. हसताना रडत होती की रडताना हसत होती, ते मला सांगता येणार नाही, मी तेव्हा मासे सांभाळत होते. गोलातली शेवंती पहिल्या महिन्याच्या दहा-अकरा तारखेला तयार होणार. पहिल्या पौर्णिमेच्या आधी. त्या दिवशी सायगॉनचा एकेक माणूस देवळात फुलं घेऊन जातो, वर्षभराची पूजा एकीकडे आणि ती एकीकडे. आणि तेतला सगळ्यांनी सगळं कापून टाकलेलं असतं.

तोआन म्हणाला बोली तेतची होती.

दिएप म्हणाली, "बाबा, पौर्णिमेपर्यंत थांबा. तेवढंच."

त्याने पट्टी खिशात घातली. "कॉफी काही पळून जात नाही," तो म्हणाला.

मासे मी तळ्यात सोडले. चुलीच्या देवा, आता तू काय सांगायचं ते सांग, मी पुढे होऊन सांगितलं आहे.

बारावा महिना, २४

माफी मागायला साउकडे गेले, चिकट भाताचे केळीच्या पानात बांधलेले दोन मुटके घेऊन. त्याने एक तिथेच सोडून खाल्ला. म्हणाला मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं. मी चांगलंच सुनावलं त्याला, आणि मग आम्ही दोघांनी मिळून दुसराही संपवला, म्हणजे मी नेलं ते मीच खाऊन आले. संध्याकाळी त्याचे दिवे लागले. गोलावर त्यांचा उजेड येतो का ते पाहायला तो दोनदा आमच्या कुंपणापाशी येऊन गेला. येत नाही हे त्याला आधीपासून ठाऊक आहे, मग कशाला येतो?

पहिला महिना, १

नवं वर्ष. मी मुद्दाम खालच्या आळीच्या शिक्षिकेला सांगून ठेवलं होतं की पहाटे सगळ्यांत आधी आमच्या उंबऱ्यात तुम्ही या, तुमचं जन्मवर्ष यंदा आम्हाला शुभ आहे. पहिलं पाऊल ज्याचं पडतं त्याच्यावर वर्ष अवलंबून. दार उघडलं तर साउ, नवा कोट घालून, हातात संत्री. आता काय करणार, पडलं पाऊल. मी म्हटलं, तुला कोणी बोलावलं? त्याने दिएपकडे पाहिलं, दिएपने छताकडे पाहिलं. तोआनने त्याला चहा दिला आणि हसू गिळायला खोकला काढला. सगळे मिळून माझ्यापासून काहीतरी लपवत आहेत. कळेल.

पहिला महिना, ११

आज कापली. उंच दांड्या, माझ्या खांद्याला लागणाऱ्या, एकेकीवर आठ-नऊ फुलं. काठावरची काही हिरवीच राहिली, ती सोडली. मुय बाईने काल स्वतःहून फोन केला होता, बाजारात पिवळी दिसत नाही, तुमच्याकडे काही उरली आहे का? दिएप म्हणाली, विचार करून सांगते. आणि फोन ठेवून अंगणात उड्या मारल्या. शहाणी झाली आहे. मी तर फोनवरच हो हो हो म्हटलं असतं.

तोआनने खोकी चढवली. गाडीचा पुढचा भाग भरला, मागचा राहिला, कारण गोल ते केवढं. गाडी गेल्यावर धुळीत उभं राहून दिएपने बापाला विचारलं, बाबा, तेव्हाचे दोन हिस्से आणि आजचा एक, मिळून पूर्ण गाडी होते की नाही?

तोआनने खोक्यांची दोरी गुंडाळली. आत गेला आणि आज गायला नाही.

पहिला महिना, १४

तीन दिवस झाले, तो काही बोलत नाही. दिएपची बॅग भरलेलीच आहे, दारामागे. मी तिच्यावर माझी शाल टाकून ठेवली आहे, म्हणजे मला दिसू नये. मी त्याच्यासाठी पायाच्या हाडांचं सूप केलं, तेही तो उभ्याउभ्याच प्यायला. पाणी: दिलं नाही, कशाला देणार, बेड रिकामे आहेत.

पहिला महिना, १७

सकाळी मी उठले तर तोआन अंगणात नाही. पट्टी खुंटीवर होती. मला वाटलं गेला गवंड्याकडे. मग डोक्यावर ठकठक आवाज आला. बाहेर येऊन बघते तर माझा मुलगा, त्या गुडघ्यांचा, पॉलीहाऊसच्या छतावर. गेल्या वाऱ्यात कोपऱ्यावरचं प्लास्टिक फाटलं होतं, तिथून पाणी आत येतं. त्याच्यावर तो नवं प्लास्टिक ताणत होता.

दिएपही आवाजाने बाहेर आली. पाडायचं असतं त्याचं छत कोणी शिवत नाही, हे तिलाही कळलं, मलाही कळलं. माझं तोंड किती वेळ बंद राहिलं याची कोणी नोंद केली असती तर बरं झालं असतं.

तोआनने वरूनच विचारलं की पुढची रोपं कधी येणार आहेत. खाली न बघता विचारलं.

"बावीस तारखेला," दिएप म्हणाली. रोपं तिने मागवलेली नाहीत. ती लगेच घरात पळाली, फोन शोधायला. जाताना तिने दारामागच्या बॅगेला पाय लावून ती वाटेतून बाजूला सारली, माझ्या शालीसकट.

मी शिडी धरून उभी राहिले. तो चहाला खाली उतरला आहे तेवढ्यात हे लिहिलं, पायरीवर, भर उन्हात. आता पुरे. हाक मारतोय, खिळे हवेत.